कोयत्याला रविवार नाही

दिवाळी सरली की साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, पिंपळनेरकडची कितीतरी आदिवासी कुटुंबं बिऱ्हाड बांधून दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांवर निघतात. बारडोलीच्या पट्ट्यातले या खानदेशी मजुरांचे हाल डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ सालीच लिहून ठेवले. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. उन्हाळ्यापर्यंतच्या या हंगामात ठरलेली साप्ताहिक सुट्टी नसते. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, गाळप थांबवता येत नाही.

उतारा घटतो हे खरंच. पण त्याच कारखान्यात बॉयलरवरच्या कायम कामगाराला कायद्याने आठवड्याची सुट्टी आहे, ती पाळीपाळीने मिळते आणि गाळपही चालू राहतं. मग फडावरच्या टोळ्यांनाच आलटून पालटून एक दिवस का नाही? कारण तोडणारा कागदावर कारखान्याचा नसतो, मुकादमाचा असतो. परमुलखात विश्रांतीचा वार नुसत्या श्रद्धेवर टिकत नाही. कामाची किल्ली कोणाच्या हातात आहे, यावर तो ठरतो. कोकणात स्थिरावलेल्या बेने इस्राएल ज्यूंनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला, गावानं त्यांना ‘शनिवार तेली’च म्हटलं. श्रद्धा होतीच, पण घाणाही त्यांचाच होता.

मजुरांनाच सुट्टी नको असते, खाडा झाला की उचल फिटत नाही, असंही सांगतात. टनावर मजुरी असली की हे होणारच, त्यात मजुराची हौस नाही. मुंबईच्या गिरण्यांतही गाव सोडून आलेलीच माणसं राबत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांच्यातल्या साडेपाच हजार जणांच्या सह्यांचं निवेदन दिलं, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती; ती १८९० साली पदरात पडली. फडावर मात्र बिनपगारी सुट्टीने भागणार नाही, तिची मजुरी टनाच्या दरात धरावी लागेल. ऊस महागेल, ही ओरड होईल, होऊ दे. कुठला प्लॉट कधी तोडायचा हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो, त्याच वेळापत्रकात टोळीच्या सुट्टीचा वारही घालता येतो.