बेडकाचं जनुक जागं होतं तेव्हा

महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळालं ते १९५८ साल. पुण्यातल्या आम्हा कर्वेनगरवाल्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या जॉन गर्डन यांनी सहकाऱ्यांसह बेडकाच्या भ्रूणातल्या एका पेशीचं केंद्रक अंड्यात घालून पूर्ण वाढलेला बेडूक मिळवला. आणि त्याच वर्षी पुण्याच्या लीला मुल्हेरकरांचा कोंबडीच्या भ्रूणावरचा, एडिंबरात केलेल्या कामाचा निबंध छापून आला. पुढे पुणे विद्यापीठात त्यांनी भ्रूणशास्त्र रुजवलं.

गर्डन यांच्या प्रयोगाने एक पेच उभा केला. पेशी बदलली तरी जनुकं शाबूत राहतात. मग कुठलं जनुक कधी चालू होणार, हे ठरवतं कोण?

उत्तराचा मोठा वाटा प्रोमोटरकडे जातो. डीएनएच्या या तुकड्यावर ठरावीक प्रथिनं येऊन बसली की जनुकाची आरएनए-नक्कल सुरू होते. तो जनुकाच्या अलीकडे असतो, असं सगळे धरून चालले होते. १९८० साली बाल्टिमोरला डोनाल्ड ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या ५एस या रायबोसोमल आरएनएच्या जनुकाची अलीकडची बाजू कापत नेली, तरी नक्कल होतच राहिली. मधला भाग कापला तेव्हा थांबली. प्रोमोटर जनुकाच्या पोटातच होता! मला या साऱ्या कहाणीत हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. या जनुकाच्या सुमारे वीस हजार प्रती अंडपेशीत राबतात, तर शरीरपेशींत वेगळ्या चारशेच. भ्रूण वाढताना या प्रोमोटरवर बसणारं टीएफ-३ए हे प्रथिन कमी पडू लागतं. ते घट्ट धरून ठेवणाऱ्या चारशे प्रती चालू राहतात, बाकीच्या मिटतात.

१९८२ मध्ये न्यूपोर्ट आणि किर्शनर या संशोधकांनी बेडकाची जनुकं जागी होण्याची वेळही मोजली. पहिली बारा विभाजनं भ्रूण आईने अंड्यात साठवलेल्या आरएनएवरच काढतो. पेशी चारेक हजार झाल्या की त्याची स्वतःची जनुकं बोलू लागतात.

पुण्याचा धागा पुन्हा जुळला २०१० मध्ये. आघारकर संशोधन संस्थेच्या सुरेंद्र घासकडबींनी सहकाऱ्यांसह हायड्रा या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्याच्या नॉगिन जनुकाचा आरएनए बेडकाच्या भ्रूणात टोचला. प्रोमोटरला पूर्ण बगल दिली होती. तरी टोचलेल्या प्रत्येक भ्रूणात शरीराचा दुसरा अक्ष उमटला. म्हणजे नॉगिनचा निरोप कोट्यवधी वर्षं तसाच समजण्याजोगा राहिला. तो कुठे आणि कधी द्यायचा, हे हायड्रात काय ठरवतं आणि बेडकात काय, या पुढच्या प्रश्नावर लीला मुल्हेरकरांच्या वाटेने पुण्यातल्या मुलींनी काम करावं, असं मला मनापासून वाटतं.