डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चित्रे, समुद्र आणि सोबत

एकटेपणा, सततची चिंता किंवा जिवलगाच्या जाण्याचे दुःख यांवर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. म्हणून ब्रिटनमध्ये डॉक्टर अशा रुग्णाला ‘लिंक वर्कर’कडे पाठवतात. ही व्यक्ती रुग्णाशी निवांत बोलते, त्याची आवड जाणून घेते आणि जवळच्या गायनगटाशी, सामूहिक बागेशी किंवा फिरायला जाणाऱ्या मंडळींशी त्याची गाठ घालून देते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९च्या दीर्घकालीन आराखड्यात या पद्धतीला स्थान दिले. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर २०१८पासून डॉक्टर किनाऱ्यावर फिरणे, पक्षी पाहणे असे उपाय सुचवतात. त्याच वर्षी कॅनडात माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयाची मोफत भेटही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली. ही उपचारांना जोड आहे, पर्याय नव्हे; चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.