डोंगर, पठार, खोरे : आपले शेत नेमके कुठे आहे?



पर्वत, पठार, मैदान आणि दरी ही नावे आपण सर्वांनी शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केली आणि परीक्षा संपताच विसरलो. परंतु जमिनीची खोली, विहिरीचे पाणी आणि पिकाची निवड या गोष्टी बऱ्याच अंशी याच नावांशी बांधलेल्या आहेत.

पठार म्हणजे भोवतालच्या प्रदेशापेक्षा उंच, पण माथा बराचसा सपाट असलेला भूभाग. घाटावरचा बहुतेक महाराष्ट्र दख्खनच्या पठारावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील लाव्हा भेगांवाटे बाहेर येऊन थरावर थर साचले. त्याचा काळा कातळ झाला. कातळ झिजून मुरूम आणि मुरूम झिजून आपली काळी माती तयार झाली. या पठाराची पश्चिम कड उंच असून उतार पूर्वेकडे आहे. म्हणूनच गोदावरी त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावूनही तिकडे न जाता १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते.

सह्याद्री कोकणातून पाहिल्यास पर्वत दिसतो. खरे तर तो या पठाराचा तुटलेला कडा आहे. पावसाळी ढग या कड्यावर अडतात. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक, तर माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो यामुळेच.

सह्याद्रीपासून पूर्वेकडे सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभूमहादेव या डोंगररांगा निघतात. त्यांच्यामध्ये गोदावरी, भीमा व कृष्णेची खोरी आहेत. दरी आणि खोरे यांत गल्लत करू नये. दरी ही दोन डोंगरउतारांमधील खोलगट जागा. खोरे म्हणजे नदीला ज्या ज्या क्षेत्राचे पाणी मिळते ते सगळे क्षेत्र, डोंगरमाथ्यासकट. मैदान म्हणावे अशी जमीन आपल्याकडे थोडीच, मुख्यतः तापी-पूर्णेच्या काठी. तेथे गाळ फार खोल आहे. मात्र खोल जमीन म्हणजे निर्धास्त जमीन नव्हे. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात निचरा कमी आणि भूजल खारे, ही अडचण तेथील शेतकरी चांगलीच जाणतात.

आता आपल्या शिवाराकडे या. मोठ्या नकाशावर जे दिसते तेच येथे लहान प्रमाणात असते. माथ्यावरची माती पावसाने धुपून उतारावरून पायथ्याशी व ओढ्याकाठी साचते. म्हणून माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर खाली पुरुषभर खोदूनही काळी माती संपत नाही. विहिरीची जागा पाहतानाही माथ्यापेक्षा सखल भागात पाण्याची शक्यता अधिक असते, कारण पाणी साठवणारा झिजलेला मुरूम तेथे सहसा जाड असतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गावी मातीचे नमुने घेण्याचे प्रात्यक्षिक दाखवीत होतो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे शेतभर नागमोडी चालून माती गोळा केली आणि एकत्र मिसळली. शेताचे मालक, वयस्कर गृहस्थ, शांतपणे म्हणाले, "सर, माळाची अन् मळ्याची माती तुम्ही एकाच पिशवीत घातली. आता येईल तो अहवाल कुठल्या मातीचा समजायचा?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'एकसारख्या जमिनीचा एक नमुना' हे त्याच पुस्तकात लिहिले होते. एकसारखी म्हणजे काय, ते मात्र मला त्या दिवशी कळले.

चूक महागात पडते. रब्बी ज्वारीचेच पाहा. ३० सेंटिमीटरपर्यंत खोलीच्या हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, तर त्याहून खोल भारी जमिनीसाठी फुले वसुधा हे वाण शिफारशीत आहेत. भारी जमिनीचा वाण माळावर पेरला, तर दाणे भरण्याच्या वेळी ओल संपलेली असते.

तेव्हा नमुने घेण्यापूर्वी शेताचे माथा, उतार आणि सखल असे भाग पाडावेत. प्रत्येक भागातून आठ-दहा ठिकाणची १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेऊन तिचा स्वतंत्र नमुना करावा. बांध, झाडाखालची सावली व शेणखताच्या ढिगाची जागा टाळावी. पिशवीतील चिठ्ठीवर गट क्रमांकाबरोबर माळ, उतार की ओढाकाठ हेही लिहावे.