सोव्हिएत टपाल तिकिटांची ओळखपरेड

सोव्हिएत संघ ३० डिसेंबर १९२२ रोजी स्थापन झाला आणि २६ डिसेंबर १९९१ रोजी विसर्जित झाला. या काळात त्याच्या टपाल खात्याने सहा हजारांहून अधिक तिकिटे काढली. तिकिटाचा विषय चित्रावरून बहुधा लगेच कळतो. त्याची नेमकी ओळख मात्र चित्रावरून पटेलच असे नाही. एकच चित्र वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या दात्यांनी, कधी दात्यांशिवाय, तर कधी वर दुसरा मजकूर छापून निघालेले असते. म्हणून देशाचे नाव, दर्शनी किंमत, छपाई, कागद, दाते आणि शिक्का अशा क्रमाने तपासणी करावी लागते आणि शेवटी कॅटलॉगमधला क्रमांक शोधावा लागतो.

देशाचे नाव

मजकूर सिरिलिक लिपीत असतो. रोमन सवयीने ‘सीसीसीपी’ वाचली जाणारी अक्षरे प्रत्यक्षात ‘एसएसएसआर’ आहेत. सिरिलिकमध्ये ‘सी’च्या आकाराचा उच्चार ‘स’ आणि ‘पी’च्या आकाराचा उच्चार ‘र’ होतो. सोबतचा ‘पोच्ता’ हा शब्द टपालासाठी आहे. अक्षरे चारऐवजी पाच असून ‘आरएसएफएसआर’ अशी असतील, तर तिकीट संघाच्या आधीचे, रशियन प्रजासत्ताकाचे असते. क्रांतीनंतरची पहिली तिकिटे ७ नोव्हेंबर १९१८ रोजी निघाली. तलवारीने साखळी तोडणारा हात हे त्यांचे चित्र रिखार्ड्स झारिन्श या लाटवियन कलावंताचे. संघाची पहिली तिकिटे १९ ऑगस्ट १९२३ची, मॉस्कोतील कृषी प्रदर्शनानिमित्त काढलेली.

ट्रान्सकॉकेशियन संघ, अतिपूर्व प्रजासत्ताक आणि तुवा यांची तिकिटे सोव्हिएत तिकिटांच्या ढिगात हमखास सापडतात. त्यांपैकी तुवा १९४४पर्यंत वेगळा देश मानला जाई, म्हणून त्याची तिकिटे स्वतंत्र नोंदवतात.

दर्शनी किंमत

तिकिटावर साल नसेल तेव्हा किंमत काळ सांगते. यादवी युद्धानंतरच्या चलनवाढीत ७,५०० आणि २२,५०० रूबलची तिकिटे निघाली. १९२२चा एक रूबल आधीच्या दहा हजारांचा, १९२३चा एक रूबल १९२२च्या शंभरांचा, आणि १९२४चा सुवर्ण रूबल १९२३च्या पन्नास हजारांचा होता. त्यानंतर किंमत पुन्हा कोपेकमध्ये आली. १ जानेवारी १९६१ रोजी दहा जुन्या रूबलचा एक नवा रूबल झाला आणि देशांतर्गत साध्या पत्राचा दर ४० कोपेकवरून ४ कोपेकवर आला. त्यामुळे विनातारखेच्या, ४० कोपेकच्या अंतराळ तिकिटाचा काळ १९६१च्या आधीचा ठरतो.

छपाई, कागद आणि दाते

बहुतेक छपाई गोझनाक या सरकारी मुद्रणालयाची. १९२३पासूनच्या नित्य वापराच्या मालिकेत कामगार, शेतकरी आणि लाल सैनिक यांची शीर्षे आहेत. ती इव्हान शाद्र या शिल्पकाराच्या अर्धपुतळ्यांवरून घेतली होती. संग्राहक या मालिकेला ‘सुवर्ण मानक’ म्हणतात. हीच मालिका लिथोग्राफीने आणि टायपोग्राफीने, वॉटरमार्कसह आणि त्याविना छापली गेली. टायपोग्राफीत शाई रेषेच्या कडेला दाटते आणि मागच्या बाजूला किंचित उठाव जाणवतो. लिथोग्राफीची रेषा सपाट असते. वॉटरमार्क पाहण्यासाठी तिकीट काळ्या ताटलीत उलटे ठेवतात.

दाते मोजण्याची पट्टी दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते बसतात ते दाखवते. आडव्या आणि उभ्या बाजूंचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही मोजतात. दात्यांविना तिकीट महाग असेल तर दाते कापून ते ‘बनवले’ जाते. चारही बाजूंना पुरेसा रुंद समास नसेल, तर असे तिकीट संशयास्पद समजावे.

लेनिनच्या शोकतिकिटांत या सगळ्या कसोट्या एकत्र येतात. २१ जानेवारी १९२४ रोजी लेनिनचे निधन झाले आणि २७ तारखेला, अंत्यविधीच्या दिवशी, गोझनाकचे कलावंत इव्हान दुबासोव्ह यांनी रेखाटलेली तिकिटे विक्रीस आली. काळा चेहरा, भोवती लाल चौकट. किमती ३, ६, १२ आणि २० कोपेक. दात्यांसह आणि दात्यांविना, शिवाय चौकटीच्या रुंदीनुसार यांचे वेगवेगळे प्रकार पडतात. म्हणून ‘लेनिन, १९२४, ६ कोपेक’ एवढी नोंद अपुरी ठरते.

ओव्हरप्रिंट

१९३४मध्ये ‘चेल्युस्किन’ जहाज आर्क्टिकच्या बर्फात बुडाले. त्यावरील माणसांना विमानाने सोडवणाऱ्या वैमानिकांची तिकिटे पुढच्या वर्षी निघाली. त्यांपैकी सिगिझमुंद लेव्हानेव्हस्की यांच्या १० कोपेकच्या तिकिटावर, त्यांच्या मॉस्को ते सॅन फ्रान्सिस्को या नियोजित उड्डाणासाठी, १ रूबल किमतीचा लाल मजकूर छापला गेला. ऑगस्ट १९३५मध्ये तेलगळतीमुळे विमान परतले, पण तिकीट प्रसिद्धीस आले. लहान ‘फ’ असलेला आणि उलटा छापलेला असे त्याचे दुर्मीळ प्रकार आहेत. म्हणून त्यांच्या नकलाही पुष्कळ. १९५७मध्ये त्सिओल्कोव्हस्की यांच्या ४० कोपेकच्या तिकिटावर पहिल्या स्पुटनिकचा मजकूर छापला गेला. मूळ तिकीट आणि ओव्हरप्रिंट यांचे कॅटलॉग क्रमांक वेगळे असतात. १९९१नंतर जुन्या सोव्हिएत तिकिटांवर नव्या प्रदेशांची नावे छापून विकण्याचा धंदा फोफावला. अशा मालापैकी बराचसा बनावट आहे; टपाल खात्याचा पुरावा मिळाल्याशिवाय त्याची नोंद संशयितांच्या यादीतच करावी.

सुव्हेनिर शीट

समासात मजकूर किंवा चित्र असलेल्या, एक वा अधिक तिकिटांच्या छोट्या कागदाला रशियन संग्राहक ‘ब्लॉक’ म्हणतात. एकाच तिकिटाच्या अनेक प्रतींचा लहान ताव हा वेगळा प्रकार आहे. डिसेंबर १९३२च्या मॉस्को प्रदर्शनासाठी जाड कागदावर काढलेला चार तिकिटांचा ब्लॉक या परंपरेत पहिला मानतात. त्याचे टोपणनाव ‘कार्तोंका’. प्रती ५००, त्यांपैकी २५ प्रतींवर फिलाटेलिस्ट संघटनेच्या उत्कृष्ट कार्यकर्त्यांसाठीचा जादा मजकूर. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकचा ब्लॉक लाल आणि हिरवा अशा दोन रंगांत निघाला. त्यांतला हिरवा दुर्मीळ आहे. १९८० ऑलिम्पिकपूर्वीच्या ब्लॉकवर ‘५०+२५’ अशी किंमत दिसते. दुसरा आकडा निधीसाठीची जादा रक्कम असतो. ब्लॉक फाडून काढलेले तिकीट ओळखण्यासाठी त्याचे दाते आणि भोवतालचा समास तपासावा.

शिक्का

कोपऱ्यात नेटका शिक्का आणि मागे अखंड डिंक असे तिकीट पत्रावर लागलेले नसते. परदेशी विक्रीसाठी आधीच शिक्के मारून ठेवलेल्या या तिकिटांना ‘सीटीओ’ म्हणतात. जगभर स्वस्त पाकिटांतून गेलेल्या सोव्हिएत तिकिटांत त्यांचेच प्रमाण मोठे. खऱ्या टपालाने प्रवास केलेले तिकीट, विशेषतः लिफाफ्यासह, वेगळ्या रकान्यात नोंदवावे.

कॅटलॉग आणि नोंद

जर्मन ‘मिशेल’, अमेरिकन ‘स्कॉट’, ब्रिटिश ‘स्टॅन्ली गिबन्स’ आणि रशियन कॅटलॉग यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत. मिशेल ब्लॉकला स्वतंत्र ब्लॉक क्रमांक देते. स्कॉट निधी-तिकिटांना ‘बी’ आणि हवाई टपालाच्या तिकिटांना ‘सी’ हे अक्षर लावते. रशियन परंपरेत मोजणी १९१८पासून सुरू होते. त्यामुळे कॅटलॉगचे नाव आणि आवृत्तीचे साल नसलेला क्रमांक निरुपयोगी ठरतो.

एप्रिल १९८४च्या भारत-सोव्हिएत अंतराळ मोहिमेचा संच नमुना म्हणून घेता येईल. राकेश शर्मा यांच्या उड्डाणानिमित्त ५, २० आणि ४५ कोपेकची तीन तिकिटे आणि ५० कोपेकचा ब्लॉक निघाला. नोंदीत साल, प्रसंग, किंमत, छपाई, दाते, डिंकाची अवस्था, शिक्का, कॅटलॉग क्रमांक आणि तिकीट कुठून मिळाले ते लिहावे. ब्लॉकची ओळ वेगळी ठेवावी.

विषयाचा रकानाही उपयोगी पडतो. १९६१चे रवींद्रनाथ टागोर, १९६९चे महात्मा गांधी आणि १९६६चे अफानासी निकितिन ही तिकिटे सालाप्रमाणे लावली तर विखुरली जातात, ‘भारत’ या विषयाखाली मात्र एकत्र येतात. पंधराव्या शतकात निकितिन चौलला उतरला, जुन्नरला राहिला आणि परतताना दाभोळहून निघाला; त्यामुळे महाराष्ट्रविषयक संग्रहातही हे तिकीट बसते. मुख्य यादी कॅटलॉगच्या क्रमाने आणि विषयांची सूची तिला जोडून ठेवली, तर तिकीट दोन्ही वाटांनी सापडते.