क्लासिक ३५० की जावा ३५०?

दोन्हींचा बाज जुना, पण स्वभाव मात्र वेगळे. फरक इंजिनात आहे.

🏍️ रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०: ३४९ सीसी, हवा आणि तेलाने थंड होणारं इंजिन, ५ गिअर. पिस्टनचा व्यास ७२ मिमी, पण स्ट्रोक ८५.८ मिमी. या लांब स्ट्रोकमुळे कमी आरपीएमलाच चांगली ओढ मिळते. २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच हाती येतो. गर्दीत सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. वजन मात्र १९५ किलो. पार्किंगमध्ये मागे ढकलताना जाणवतं.

🏍️ जावा ३५०: ३३४ सीसी, लिक्विड कूल्ड, ६ गिअर. इंजिनाला जास्त आरपीएमवर फिरायला आवडतं. हायवेवर सहावा गिअर टाकला की इंजिन निवांत चालतं. कूलंटची पातळी मात्र अधूनमधून बघायची. दोन सायलेन्सर दिसले, तरी सिलिंडर एकच!

माझं मत: ‘धक-धक’ ऐकत रमतगमत जायचं असेल तर क्लासिक, घाटात गिअरशी खेळायचं असेल तर जावा. बुकिंगआधी दोन्हींची टेस्ट राइड घ्या, तीही मागे कुणाला तरी बसवून. आणि जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे आधी बघा.

तुमचं मत कुणाला?