कॉम्प्युटरच्या गेटवर वॉचमन कोण?

नेटबँकिंग, डीमॅट, ऑफिसच्या फायली, गोव्याचे फोटो... आपला अर्धा संसार घरच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. सोसायटीच्या गेटवर कोणता वॉचमन ठेवायचा यावर आपण मीटिंगमध्ये तासभर वाद घालतो. पण कॉम्प्युटरच्या गेटवर कोण बसलंय, असं मी मित्रांना विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘अँटीव्हायरस आहे ना!’

बॉस, दोन्ही कामं वेगळी. अँटीव्हायरस घरात शिरलेला चोर शोधतो. फायरवॉल दारातच विचारते, ‘कोण पाहिजे?’ अगदी पुणेरी पाटीसारखं!

ही विचारपूस किती गरजेची आहे, ते ऑगस्ट २००३ मध्ये कळलं. ‘ब्लास्टर’ वर्म पसरायला ई-मेल उघडायचीही गरज नव्हती. पॅच न टाकलेलं मशीन नेटला जोडलेलं असलं की पुरे. तेव्हा जाणकार मंडळी ‘झोनअलार्म’ टाकून घ्यायची. मग ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपणहून चालू करून दिली.

मग विकत घ्यायची की नाही?

विंडोजमधली फायरवॉल फुकट आहे आणि घरच्या वापराला बहुतेकांना पुरते. पण ती मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांना अडवते. आतून बाहेर जाणाऱ्यांना सहसा काही विचारत नाही. कुठलं सॉफ्टवेअर गुपचूप कोणाशी बोलतंय, यावरही लक्ष हवं असेल तर वेगळा पर्याय बघा. आपल्या पुण्याच्याच क्विक हीलच्या सिक्युरिटी पॅकमध्ये फायरवॉल येते. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटा भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला, आणि त्यातून उभी राहिलेली ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात पोचली.

निवडताना एवढं बघा

• एका वेळी एकच फायरवॉल. दोन वॉचमन एकमेकांशीच भांडतात.
• सारखे पॉप-अप टाकणारी नको. कंटाळून आपण सगळ्यालाच ‘अलाउ’ म्हणतो, मग उपयोग शून्य.
• ट्रायल वापरून बघा. मशीन रडायला लागलं तर काढून टाका.
• एफसी रोडवरच्या कॅफेचं वायफाय जोडताना नेटवर्क ‘पब्लिक’ निवडा, ‘प्रायव्हेट’ नाही.
• मॅकवाल्यांनो, तुमच्याकडेही फायरवॉल आहे. ती चालू आहे का, सेटिंग्जमध्ये बघून घ्या.
• अपडेट टाळू नका. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ने ज्या फटीतून धुमाकूळ घातला, तिचा पॅच मार्चमध्येच आला होता.

आणि एक लक्षात ठेवा. फोनवर गोड बोलणाऱ्याला आपणच ओटीपी सांगितला, तर जगातली कुठलीही फायरवॉल मध्ये पडत नाही. गेटवर कितीही कडक वॉचमन ठेवा, घराची किल्ली शेवटी आपल्याच खिशात असते!