सिझेरियननंतरचे मातृत्व

रायपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयास तेथील लोक ‘मेकाहारा’ म्हणतात. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल, रायपूर या शब्दांच्या आद्याक्षरांतून हे सुटसुटीत नाव तयार झाले. रायपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. रुग्णालयास पुढे डॉ. भीमराव आंबेडकरांचे नाव मिळाले. परंतु रिक्षावाल्यास पत्ता सांगताना आजही मेकाहाराच म्हणावे लागते. अशा कोणत्याही रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराबाहेर बसलेल्या माणसांच्या मनात तीन प्रश्न असतात. बाळ कसे आहे? बाळंतीण सुखरूप आहे ना? ही दोन उत्तरे मिळाली की तिसरा प्रश्न हलक्या आवाजात येतो : हिला आता पुन्हा मूल होईल ना?

धमतरीकडून आलेली सासू हा प्रश्न छत्तीसगडीत विचारते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून रायपूर-बिलासपूरकडे मराठी कुटुंबे वसत आली. त्यांच्यातली आजी तोच प्रश्न मराठीत विचारते. भाषा बदलते, धास्ती तीच असते. आज या प्रश्नाचाच थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आता थोड्यांचा राहिलेला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडातील दर शंभर बाळंतपणांपैकी सुमारे दहा शस्त्रक्रियेने झालेली आढळली होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती संख्या पंधरांवर गेली. महाराष्ट्रात त्याच पाहणीत ती पंचवीस होती. छत्तीसगडातील खासगी रुग्णालये तेवढी वेगळी काढली, तर तेथे निम्म्याहून अधिक बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली दिसतात. या आकड्यांना दोन बाजू आहेत. पूर्वी जी अडलेली बाळंतीण बैलगाडीतच दगावत असे, ती आज वाचते. ही एक बाजू. जिला शस्त्रक्रियेची गरज नव्हती, तिच्याही गर्भाशयावर आज वण राहतो, ही दुसरी. पुढच्या मातृत्वाचा विचार करताना दोन्ही बाजू डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात.

‘पोट उघडले की पिशवी गेली’ असा एक समज बायकांत फार जुना आहे. तो अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जिवंत स्त्रीचे पोट उघडून मूल काढणे म्हणजे बहुधा तिचा मृत्यूच असे, कारण गर्भाशयावरचा छेद शिवण्याची रीतच नव्हती. इटलीतील पाव्हिया येथे १८७६ साली एदुआर्दो पोरो या शल्यवैद्याने मूल काढल्यावर गर्भाशयही काढून टाकले. माता वाचली, मूलही वाचले; पण पुढच्या मातृत्वाची वाट कायमची बंद झाली. सहाच वर्षांनी, १८८२ साली, माक्स झेंगर या जर्मन वैद्याने गर्भाशयाचा छेद टाके घालून नीट शिवण्याची पद्धत मांडली, आणि आईबरोबर तिचे गर्भाशयही राखता येऊ लागले. विसाव्या शतकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. हा छेद चांगला भरून येतो आणि पुढच्या वेळी कळांचा ताण अधिक सोसतो. आज सर्रास घेतला जातो तो हाच. तेव्हा सिझेरियनमध्ये गर्भाशय काढीत नाहीत, ते शिवतात. आणि मूल जेथे तयार होते त्या बीजकोशांना व बीजवाहिन्यांना हात लावण्याचे कारणही सहसा पडत नाही.

तरीही छत्तीसगडातील स्त्रीच्या मनातली शंका एका वाक्याने झटकून टाकणे बरे नव्हे. २०१२ साली या राज्यातील काही खासगी रुग्णालयांनी सरकारी विमा योजनेच्या पैशासाठी अनेक स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढल्याचे आरोप झाले, आणि ते प्रकरण देशभर गाजले. ती शस्त्रक्रिया निराळी आणि सिझेरियन निराळे, हे खरे. पण ज्यांच्या शेजारपाजारी असे घडल्याची चर्चा झाली, त्यांनी दोहोंची सांगड घातली तर नवल ते काय? अशा वेळी त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते मोजूनमापून मिळाले पाहिजे.

ते मोजमाप असे. निरनिराळ्या देशांतील अठरा अभ्यास, म्हणजे जवळजवळ सहा लाख स्त्रियांची माहिती, एकत्र करून काढलेला निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्वाभाविक प्रसूती झालेल्या स्त्रियांच्या तुलनेने सिझेरियन झालेल्या स्त्रियांत पुढे दिवस राहण्याचे प्रमाण सुमारे नऊ टक्क्यांनी आणि मूल होण्याचे प्रमाण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे पहिल्या गटात शंभरजणींना पुन्हा दिवस गेले असतील, तर तेवढ्याच स्त्रियांच्या दुसऱ्या गटात ते एक्याण्णवजणींना गेले. फरक आहे, पण दार बंद होण्याइतका तो नाही.

शिवाय हा सगळा फरक शस्त्रक्रियेच्याच माथी मारता येत नाही. जिचे वय अधिक आहे, जिला मधुमेह आहे, वजन फार आहे, किंवा पहिलेच मूल बऱ्याच वर्षांच्या उपचारानंतर झाले आहे, तिच्यावर सिझेरियनची पाळी अधिक वेळा येते. आणि दुसऱ्या वेळी दिवस राहण्यास उशीरही तिलाच अधिक लागतो. पहिल्या अनुभवाने धसका घेऊन ‘आता एकच पुरे’ असे ठरवणारी जोडपीही थोडी नाहीत. त्यांची गणना वंध्यत्वात करणे चूक होय.

शस्त्रक्रियेमुळे प्रत्यक्ष अडचण येऊ शकते ती दोन मार्गांनी. पोटातील इंद्रिये एरवी एकमेकांवरून सहज सरकत असतात. छेद भरून येताना, विशेषतः जंतुसंसर्ग झाला असेल तर, ती चिकटतात. हा चिकटा बीजवाहिनीपर्यंत पोचला तर बीजाची वाट अडते. दुसरी अडचण वणाची. काही स्त्रियांत वणाच्या जागी गर्भाशयाची भिंत पुरती भरून येत नाही आणि आतल्या बाजूस लहानसा कोनाडा राहतो. पाळीचे थोडे रक्त त्या कोनाड्यात साचते व पाळी संपल्यावरही काही दिवस काळपट डाग दिसत राहतात. तेथे साचलेला स्राव गर्भाशयात उतरून गर्भ रुजण्यास प्रतिकूल ठरू शकतो. असा कोनाडा सोनोग्राफीत दिसतो. तो आढळला म्हणजे मूल होणारच नाही असे मुळीच नाही. कित्येकींना तो असूनही सहज दिवस जातात. परंतु डाग आणि दिवस न राहणे या दोन्ही गोष्टी एकत्र असतील, तर त्याचा विचार व्हावयास हवा.

दिवस राहत नाहीत म्हणून सारा दोष सिझेरियनला देण्यात आणखी एक धोका आहे. खरे कारण मागे राहते. आपल्या देशात गर्भाशयाच्या व बीजवाहिन्यांच्या क्षयाने वंध्यत्व आलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. तो आजार तपासावा लागतो. दोष पतीच्या वीर्यात असू शकतो. त्याची तपासणी सर्वांत सोपी, आणि घरोघरी सर्वांत शेवटी होते ती तीच. कधी कधी सिझेरियनच्याच वेळी नसबंदी केलेली असते. ती स्त्रीच्या पूर्ण समजुतीने व लेखी संमतीनेच व्हावयास हवी, आणि वेणांच्या यातनांत पुढे केलेल्या कागदावरचा अंगठा ही समजूत नव्हे. सर्वसाधारणपणे पस्तिशीच्या आतील स्त्रीने एक वर्ष आणि त्यापुढील स्त्रीने सहा महिने वाट पाहूनही दिवस न राहिल्यास पतीसह वैद्यांकडे जावे.

आता या विषयातील खऱ्या महत्त्वाच्या भागाकडे वळू. सिझेरियन झालेल्या बहुतेक स्त्रियांना पुन्हा दिवस जातात. काळजी घ्यावयाची ती त्यानंतर. शस्त्रक्रियागृहाबाहेर ‘मूल होईल ना?’ असे विचारणाऱ्या माणसांनी ‘पुढच्या वेळी काय जपावे?’ असेही विचारले पाहिजे.

पहिली गोष्ट अंतराची. प्रसूतीनंतर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी निदान दोन वर्षे जावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. वण पक्का होण्यास अवधी लागतो, आणि आईच्या अंगात रक्त भरण्यासही. पहिली मुलगी झाली म्हणून सहा महिन्यांत दुसऱ्याची घाई करणारे घर सुनेचा जीव पणाला लावीत असते, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

दुसरी गोष्ट वारेची. फार क्वचित गर्भ वणातच रुजतो. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच, सहाव्या-सातव्या आठवड्यात, सोनोग्राफी करून गर्भाची जागा पाहावी. पुढे वार खाली, वणावर बसली आहे काय, हेही पाहावे लागते. तशी बसलेली वार कधी कधी गर्भाशयाच्या भिंतीत रुतते, सुटत नाही, आणि रक्तस्राव आवरण्यासाठी गर्भाशय काढावे लागते. अमेरिकेतील २००६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांपैकी एक सिझेरियन पूर्वी झालेल्यांत शंभरास अकराजणींची आणि दोन झालेल्यांत चाळीसजणींची वार अशी रुतलेली आढळली. पहिल्या शस्त्रक्रियेने जे जात नाही, ते तिसऱ्या-चौथ्या वेळी असे जाऊ शकते. म्हणून पहिले सिझेरियन गरजेविना होऊ नये, यातच पुढच्या मातृत्वाचे खरे रक्षण आहे.

तिसरी गोष्ट प्रसूतीच्या जागेची. एकदा सिझेरियन म्हणजे नेहमीच सिझेरियन, हा नियम न्यूयॉर्कच्या एका वैद्याने १९१६ साली सांगितला. तेव्हा छेद गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर उभा घेत असत. खालचा आडवा छेद एकदाच झालेला असेल आणि इतर काही अडचण नसेल, तर स्वाभाविक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या चारांपैकी सुमारे तीन स्त्रिया त्यात यशस्वी होतात. वण उकलण्याचा धोका दोनशेंत एकीला असतो. तो लहान आहे. पण तो प्रसंग आलाच तर काही मिनिटांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. म्हणून हा प्रयत्न शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय जेथे आहे तेथेच करावा. घरी किंवा गावातल्या दवाखान्यात कळा वाढवण्याची सुई टोचून घेणे वण असलेल्या गर्भाशयास प्राणघातक ठरू शकते.

जगदलपूर रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटर आहे, आणि बस्तरमधील कित्येक पाडे जगदलपूरपासूनही दूर आहेत. तेथल्या स्त्रीला या गोष्टी कोण सांगणार? छत्तीसगडात २००२ सालापासून गावोगाव ‘मितानिन’ काम करीत आहेत. मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. गावातलीच ही बाई बाळंतिणीच्या दाराशी जाते, तिला रुग्णालयात नेते, आणि सरकारी भाषेतला सल्ला घरच्या भाषेत आणते. वण असलेल्या गर्भिणीचे दिवस मोजून ठेवून, नवव्या महिन्याच्या आधीच तिला मोठ्या रुग्णालयाजवळ आणण्याची तजवीज अशा मैत्रिणीच्या मदतीने करता येते.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट. रुग्णालयातून घरी जाताना मिळालेला कागद जपून ठेवा. शस्त्रक्रिया का झाली, छेद आडवा होता की उभा, रक्तस्राव किती झाला, नसबंदी केली किंवा नाही, हे त्यावर लिहिलेले असावे. नसेल तर मागून घ्यावे. मूल पायाळू होते म्हणून झालेले सिझेरियन आणि कळा देऊन थकल्यावर, मूल अडले म्हणून झालेले सिझेरियन, यांवरून पुढच्या वेळचा सल्ला बदलतो. पोटावरचा वण पाहून आतला छेद ओळखता येत नाही. तो त्या कागदावरच वाचावा लागतो. आपल्या घरांत जमिनीचे सात-बारा, लग्नाच्या याद्या आणि मुलांच्या पत्रिका पेटीच्या तळाशी कापडात बांधून ठेवलेल्या असतात. त्याच बासनात हा एक कागदही ठेवावा. पुढच्या बाळाच्या पत्रिकेआधी त्याची गरज लागणार आहे.